घडली का, पंतोजी?

आमच्या मास्तरांना इंग्रजी चांगलं येत होतं, पण ते बोलण्यासाठी आधी काहीतरी घडावं लागायचं.

हे नीट उलगडून सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी त्यांची टवाळी करतोय. टवाळी त्यांच्या हयातीत सगळ्या धारूरने पोटभर केली आणि त्यात मीही मागे नव्हतो. आता करवत नाही, इतकंच.

निजामाची अमदानी होती. धारूरला किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर आमचा मदरसा होता, म्हणजे सरकारी शाळा. मी तिथे अगदी खालच्या वर्गातल्या साठ पोरांना मराठी अक्षरं गिरवायला लावायचो आणि मास्तर वरच्या वर्गाला इंग्रजी शिकवायचे. वरचा वर्ग म्हणजे सगळी मिळून अकरा मुलं. बाकी कारभार उर्दूत. कचेरीत उर्दू, कोर्टात उर्दू, हजेरीपटावर उर्दू. पोरं रडायची तेवढी मराठीत. गावात इंग्रजी बोलणारा दुसरा माणूस नव्हता. त्यामुळे मास्तरांचं इंग्रजी बरोबर की चूक, हे ठरवायलाही कुणी नव्हतं. दुसरा एखादा असता तर या गोष्टीचा फायदा घेऊन आयुष्यभर मिरवला असता. मास्तरांनी उलट स्वतःच्याच पायात बेडी घालून घेतली.

ती बेडी अशी, की जी म्हण आपल्याबाबत घडली नाही ती आपण बोलायची नाही. व्याकरणवाले ज्यांना वाक्प्रचार म्हणतात, त्यांना मास्तर सरसकट म्हणी म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो. 'पाठ तर पोपट बी करतो,' ते म्हणायचे. 'पन पोपटावर काय परसंग आलाय? पेरू खायचा आन् पिंजऱ्यात बसायचं. त्यानं कशाला म्हनी बोलाव्या?'

म्हणींचं पुस्तक त्यांना जालन्याच्या छावणीत मिळालं होतं. कुणा गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव होता, त्यात मास्तरांनी एक मेज घेतलं. मेजाचा एक पाय आखूड होता, म्हणून त्याखाली घालायचं पुस्तकही लिलाववाल्याने सोबत दिलं. मेज धारूरच्या घाटात गाडीतून पडून मोडलं, पुस्तक तेवढं घरी पोचलं. त्याला पुठ्ठा नव्हता, सुरुवातीची आणि शेवटची पानं नव्हती. आतल्या म्हणी अक्षरवारीने लावलेल्या, त्या 'बी'पासून सुरू होऊन 'डब्ल्यू'च्या मध्येच संपायच्या. 'ए'च्या म्हणी मास्तरांनी कधी पाहिल्याच नव्हत्या, तेव्हा इंग्रजांकडे त्या नाहीतच असं ते धरून चालत. पुढे हैदराबादेत मी 'ए'ची एक म्हण ऐकली आणि मोठ्या हौसेने त्यांना पत्रातून कळवली. उलट टपाली उत्तर आलं की कुणीतरी तुम्हाला फसवतंय, जपून राहा.

पुस्तकाच्या जोडीला लाल खारव्याच्या जाड कापडाने मढवलेल्या पुठ्ठ्याची एक लांब वही होती. तिच्यात म्हण, तिचा अर्थ, कुणाबाबत घडली, निजामी फसली सनाची तारीख आणि साक्षीदार, असे रकाने आखलेले. घडल्याचा नुसता संशय असेल तर नोंद शिसपेन्सिलीने व्हायची. ती कच्ची. सगळं तपासून खात्री पटली की त्यावर शाई चढायची. मग ती पक्की. शाई ते घरीच काजळी आणि बाभळीचा डिंक खलून करायचे. घरात एक वेळ तेल संपेल, पण दौत कायम काठोकाठ. म्हणीचा अर्थ घडला पाहिजे ही अट होती. अर्थासोबत म्हणीतली वस्तूही हजर असली तर सोन्याहून पिवळं.

इंग्रजी बोलता बोलता एखादी न घडलेली म्हण वाटेत आली की मास्तर थांबत, उजव्या हाताचं बोट वर करत, क्षणभर तसंच धरून ठेवत आणि मग वाक्य पुढे नेत. त्या बोटाचा अर्थ असा की इथे एक झकास म्हण बसते, ती मला माहीतही आहे, पण तिच्यावर अजून माझा हक्क नाही. मुलांना वाटायचं, इंग्रजी बोलताना मधून मधून बोट वर करायचंच असतं. पुढच्या शिक्षणासाठी बीडला गेलेल्या आमच्या एका मुलाची ही सवय मोडायला तिथल्या शिक्षकांना म्हणे वर्ष लागलं.

या नियमाने वर्गात भलताच न्याय चालायचा. जो मुलगा झाडावरून पडला, मारामारीत सापडला, घरातून पळून वडवणीच्या बाजारापर्यंत जाऊन आला, त्याच्या नावावर वीस-पंचवीस म्हणी. आणि पहिल्या बाकावरचा गुणी, शहाणा मुलगा दोन म्हणींवर अडकलेला. त्याचे वडील तक्रार घेऊन आले तेव्हा मास्तर त्यांना कळवळून म्हणाले, 'मी तरी काय करू? पोरगं लई सुखी हाय तुमचं. सुखी मानसाला विंग्रजी यायचं न्हाई.'

मीही त्या पहिल्या बाकावरचाच. शाळा सुटल्यावर मदरशाच्या ओट्यावर मास्तर मला फुकट इंग्रजी शिकवायचे. मला ते शिकायचं होतं, कारण माझ्या जागेवर आधी जे गुरुजी होते त्यांनी एकतीस वर्षं त्याच खोलीत 'क' गिरवून घेतला होता, आणि निवृत्तीच्या दिवशी ते त्या खोलीतून बाहेर पडले तेव्हा डावीकडे वळायचं की उजवीकडे, हेच त्यांना सुचेना. मला त्यांची फार भीती बसली होती. पण इंग्रजी येण्यासाठी घडायला हवं आणि माझ्याबाबत काही घडतच नव्हतं. मी भित्रा माणूस. विहिरीत न वाकणारा, बैलाच्या बाजूने न जाणारा. तीन वर्षांत माझ्या नावावर चार म्हणी झाल्या. रोज सकाळी मदरशाच्या फाटकात मास्तर मला अडवायचे.

'घडली का, पंतोजी?'

'नाही मास्तर.'

'मग काल दिसभर केलं काय तुमी?'

मराठी शिकवतो म्हणून ते मला पंतोजी म्हणायचे. चिडवायचे, पण 'तुमी' सोडून कधी बोलले नाहीत.

घरात या नियमाचा जाच मास्तरीणबाईंना होता. सांडलेल्या दुधावर रडून काय उपयोग, अशा अर्थाची एक इंग्रजी म्हण आहे. ती घडावी म्हणून मास्तर दोन वर्षं वाट पाहत होते, पण बाईंच्या हातून दूध सांडेना. तसा त्यांचा हात फार स्थिर. मास्तर चुलीपाशी उगाच घुटमळायचे, आणि मग बाई दुधाचं पातेलं उचलून कोनाड्यात ठेवायच्या. अखेर एकदा मांजराने ते काम केलं. मी तेव्हा वाचायला नेलेली म्हणींची वही परत द्यायला गेलो होतो, म्हणून आपोआप साक्षीदार झालो. पातेलं उपडं, दूध ओट्यावरून अंगणात, आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर मुलगा झाल्याचा आनंद.

'रडतीस का ग?' त्यांनी आशेने विचारलं.

'रडू कावून? चिडले हाय मी.'

'जरा रडली असतीस तर काम झालं असतं.'

'तुमी आदी त्या मांजराच्या मागं जावा. न्हाईतर तुमच्यावर रडायची येळ यील.'

मास्तरांनी खाली मान घालून पेन्सिलीने नोंद केली. दूध होतं, सांडलंही होतं, पण रडणं नव्हतं. मी म्हटलं, 'मास्तर, एवढं काय, चढवा शाई.' त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी खोट्या साक्षीला उभा राहा म्हणालो. ती नोंद दीड वर्ष कच्ची राहिली. मग बाईंच्या आईने गोदाकाठाहून पाठवलेली तुपाची बरणी एक दिवस फुटली आणि आईच्या हातचं तूप म्हणून बाई खरोखर रडल्या. मास्तरांनी त्यांना ती म्हण खड्या आवाजात इंग्रजीत ऐकवली आणि दौत उघडली. बाई पुढे चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पण नोंद पक्की झाली.

माझ्या चार म्हणींतली सगळ्यात लाडकी म्हण मला सिताफळांच्या दिवसांत मिळाली. मदरशाबाहेर एक चाचा डोंगरातली सिताफळं घेऊन बसायचे. एकदा मी पाच विकत घेतली आणि खूश होऊन त्यांनी सहावं असंच दिलं. मी ते दाबून पाहिलं, उलटं करून पाहिलं, देठापाशी वास घेतला. चाचा शांतपणे बघत होते.

'गुरुजी,' ते म्हणाले, 'पैसे दे को लिये तो एक भी नै दबाये. मुफत दिया तो दबा दबा के देख रहे.'

माझ्या मागे मास्तर उभे होते. भेट मिळालेल्या घोड्याचं तोंड उघडून दात मोजू नयेत, अशी एक म्हण त्यांच्या पुस्तकात होती, हे मला ठाऊक होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, 'घडली, पंतोजी. तुमची घडली.' चाचांचा अंगठा साक्षीदाराच्या रकान्यात उमटला. मास्तरांनी त्यांना अर्थ समजावून सांगितला, तो त्यांना इतका पटला की पुढे फुकट फळ देताना ते गिऱ्हाइकाला बजावायचे, 'घोडा है, मूं नक्को देखो.' परगावची माणसं सिताफळ हातात घेऊन घोडा शोधत राहायची.

सगळ्या वहीत एकच ओळ अशी होती की जिच्यासमोर कुणाचंच नाव नव्हतं, पेन्सिलीनेसुद्धा नाही. 'टु बर्न वन्स बोट्स.' आपल्या होड्या आपणच जाळायच्या, म्हणजे परतीचा मार्ग उरू द्यायचा नाही आणि मग पुढे जायचं. आमच्या डोंगरात होडी कुठली? पावसाळ्यात गुडघाभर पाणी येतं ते चालत ओलांडतात. बाईंचं माहेर गोदावरीच्या काठावर होतं, तिथे एका लग्नाला गेलेले असताना मास्तर थेट नावाड्याकडे गेले आणि जुनी, मोडकी का होईना, एखादी होडी जाळायला मिळेल का म्हणून विचारलं. नावाड्याने त्यांना आधी पाणी प्यायला दिलं. मग म्हणाला, 'आन् जाळल्यावर तुमी पलीकडं कसं जानार, पावनं?'

'तेच तर म्हनीत हाय,' मास्तर म्हणाले.

ही हकिकत मला बाईंनीच पदर तोंडाला लावून सांगितली. मास्तर मात्र हसले नाहीत. वहीतल्या त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, 'ही माझ्या हातून व्हायची न्हाई, पंतोजी. मी मागचा पाय घट्ट असल्याबिगर फुडचा न टाकनारा मानूस. तसलाच तुमी. ही ओळ अशीच मोकळी ऱ्हानार.'

मग हैदराबादेतल्या एका खात्याची नोटीस आली. इंग्रजी पत्रव्यवहारासाठी कारकून पाहिजे, लेखी आणि तोंडी परीक्षा बीडच्या कचेरीत. त्या खोलीतून बाहेर पडायची ही एकच वाट होती, दुसरी येईल असं वाटत नव्हतं. मी रजेचा अर्ज घेऊन हेडमास्तरांकडे गेलो. ते हैदराबादकडचे, अदबीने बोलणारे गृहस्थ. अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला.

'मुआयना सर पर है, गुरुजी. साठ बच्चे बगैर उस्ताद के कैसे दिखाऊँ? छुट्टी नै दे सकता. जानाच है तो इस्तीफा लिख के रख दो, मैं जगह खाली बता देता हूँ.'

सरकारी न्याय असा, की तपासणीत जागा रिकामी चालते, माणूस गैरहजर चालत नाही. मी घरी आलो. दोन वेळा जेवायला बसलो आणि दोन्ही वेळा उठलो. दुपारी मदरशाच्या ओट्यावर बसून राजीनामा लिहिला आणि हेडमास्तरांच्या मेजावर ठेवला. मास्तरांना काही बोललो नाही. ते मला थांबवतील असं वाटलं, आणि त्यांनी थांब म्हटलं असतं तर मी थांबलोच असतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच वडवणीवरून बीडला जाणारी गाडी धरली.

लेखी परीक्षा बरी गेली. तोंडी घ्यायला विलायतेत शिकून आलेले एक साहेब होते. सगळं इंग्रजीत झालं, इथे मराठीत सांगतो. साहेबांनी दोन-चार साधे प्रश्न विचारले आणि मग एका म्हणीचा अर्थ विचारला. मला तो तोंडपाठ होता. पण ती माझ्याबाबत घडलेली नव्हती. मी बोट वर केलं.

'काय हवंय तुम्हाला?' साहेब म्हणाले.

'काही नाही साहेब. ही अजून घडली नाही.'

त्यांनी दुसरी विचारली. मी पुन्हा बोट वर केलं. नोकरी हातची जाते आहे हे दिसत होतं, पण तीन वर्षांची सवय जीभ हलू देईना. साहेबांनी टाक खाली ठेवला आणि हा काय प्रकार आहे ते विचारलं. मी अडखळत मास्तरांचा नियम सांगितला. साहेब खुर्चीला टेकले आणि म्हणाले, 'बरं, घडलेली एखादी सांगा.' मी सिताफळाची गोष्ट सांगितली. ते इतके हसले की दारावरचा चपराशी आत डोकावला.

'आणि होड्या जाळल्याची?' त्यांनी डोळे पुसत विचारलं.

माझं बोट अर्ध्यापर्यंत वर गेलं आणि तिथेच थांबलं. धारूरला मेजावर ठेवलेला तो कागद डोळ्यांपुढे आला. हेडमास्तरांचा चष्मा दिसला. मी बोट खाली घेतलं.

'ही घडली आहे साहेब,' मी म्हणालो. 'परवाच घडली.' आणि राजीनाम्याची हकिकत सांगितली. इतकं सरळ इंग्रजी मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. कुठे थांबायला लागलं नाही, शब्द शोधायला लागला नाही, जे झालं ते बोलत गेलो.

साहेब आता हसत नव्हते. 'आणि मी तुम्हाला घेतलं नाही तर?'

'तर साहेब, मी नदीत.'

धारूरला परतलो तो घरी न जाता तडक मास्तरांकडे. त्यांनी फाटकातला नेहमीचा प्रश्न विचारायच्या आधीच मी म्हणालो, 'घडली, मास्तर. वहीतली ती मोकळी ओळ.' त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते नाचतील. ते उठले, वही आणली, माझं नाव लिहिलं, तारीख लिहिली. पेन्सिलीने.

'पेन्सिल का, मास्तर? राजीनामा दिला, साक्षीदार साहेब आहेत.'

'शाई वाळली हाय,' ते म्हणाले.

मास्तरांच्या घरी शाई वाळणं म्हणजे विहिरीत पाणी नसण्यासारखंच. पण मी माझ्याच तंद्रीत होतो, मला काही वावगं वाटलं नाही. दौत कोनाड्यात होती आणि तिच्याकडे मी पाहिलंही नाही.

निकालाला महिना लागला. महिनाभर मी घरात बसून होतो, मदरशाच्या बाजूला फिरकलोही नाही. एकदा लांबून जाताना माझ्या जुन्या वर्गातून पोरांचा कलकलाट ऐकू आला आणि त्यात मास्तरांचा आवाजही आला, 'क, कमळाचा.' मला वाटलं, नवा माणूस येईपर्यंत कुणीतरी सांभाळायलाच हवं. मुआयना झाला आणि इंग्रजीच्या वर्गावर शेरा पडला, 'तयारी कच्ची.' गावाने त्यावर आठ दिवस काढले. मीही हसलो, आणि पुढे हैदराबादहून एका पत्रात त्यावरून चेष्टासुद्धा केली. त्या पत्राला उत्तर आलं, त्यात त्या चेष्टेबद्दल अक्षर नव्हतं.

हुकूम आला. मी निघालो त्या सकाळी मास्तर गाडीपर्यंत आले. शेरवानीचं वरचं बटण कायम तुटलेलं, तसंच त्या दिवशीही. मी पाया पडलो. म्हणालो, 'आता ती नोंद पक्की करा, मास्तर.'

'करू की,' ते म्हणाले. 'जपून जावा.' मग आणखी काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, थांबले आणि बोट वर केलं. गाडी वळेपर्यंत ते बोट तसंच वर होतं. कुठली म्हण होती ती, मला आजवर कळलेलं नाही.

हैदराबादेत माझं बरं चाललं. एकदा नोकरीचे कागद बघताना माझ्या धारूरच्या तीन वर्षांची चाकरी सलग धरलेली दिसली. राजीनामा दिलेल्या माणसाची अशी धरत नाहीत. कुणा कारकुनाची चूक माझ्या फायद्याची झाली म्हणून मी गप्प बसलो. त्या कारकुनाला मनातून मूर्खही म्हटलं.

मास्तर गेल्याचं पत्र मिळालं तेव्हा मी धारूरला गेलो. बाई थकल्या होत्या. त्यांनी मला चहा दिला आणि लाल खारव्याची वही पुढे ठेवली.

'तुमालाच द्यायची मनले व्हते. माझ्या काय कामाची? माझ्या दुदातुपाचा हिशेब तेवढा हाय तिच्यात.'

मी होड्यांचं पान काढलं. माझ्या नावाची नोंद तशीच होती, पेन्सिलीतली. आगेमागे सगळ्या नोंदी काळ्याभोर शाईत, मधली एवढी एक राखाडी. आणि त्या पानात घडी घालून ठेवलेला एक कागद होता. उघडला, तर माझा राजीनामा. माझ्याच अक्षरातला, त्यावर आवक झाल्याचा शिक्का नाही, हेडमास्तरांची सही नाही. तो मेजावरून पुढे कुठे गेलाच नव्हता.

'हे इथे कसं?' मी विचारलं.

'तुमी कागद ठिवला त्याच दिशी हेडमास्तरांनी ह्यांना सांगितलं,' बाई म्हणाल्या. 'हे तिथंच बसून ऱ्हायले. मनले, कागद माज्याकडं द्या, पोरगं माघारी आलं तर जागा पायजे त्याला. साठ पोरं मी बगतो, मुआयन्यात मानूस गैरहाजर दिसनार न्हाई. आन् बगितली की. म्हैनाभर. साहेब तपासाय आला तवा हे खालच्या वर्गात क गिरवून घेत व्हते, वरची पोरं तशीच बसलेली. मंग शेरा वाईट पडला. मी मनलं, सांगा की त्या पंतोजीला. तर मनले, सांगितलं तर त्याची म्हन जाती.'

मी वहीकडे पाहत राहिलो. बीडच्या त्या खोलीत मी साहेबांना छाती पुढे काढून सांगितलं होतं की माझ्या होड्या जळाल्या. आणि माझी होडी इकडे काठाला बांधलेली होती, दोर मास्तरांच्या हातात होता. नोंद करताना त्यांना हे माहीत होतं. खोट्या नोंदीवर शाई चढवायची नाही, हा नियम त्यांनी बायकोच्या रडण्यासाठी दीड वर्ष पाळला होता. माझ्यासाठी तो मोडला नाही, आणि खोडून मला कळूही दिलं नाही. नुसतं म्हणाले, शाई वाळली.

मला रडू आलं. बाईंनी ते पाहिलं आणि सांडलेल्या दुधाची ती म्हण मला इंग्रजीत म्हणून दाखवली, स्पष्ट, एकही शब्द न चुकता. तिच्यावर त्यांचा हक्क होता.

वही आता माझ्याकडे असते. मास्तरांच्या नियमाने ती नोंद खोडायला हवी. एकदा टाक शाईत बुडवलाही होता, मग पुसून ठेवला. पेन्सिलीचं अक्षर फार टिकत नाही, पान उघडून हात फिरवला की दोन-तीन वर्षांत पुसट होतं. तसं झालं की मी वही उघडतो, चष्मा लावतो आणि त्यांनी लिहिलेलं एकेक अक्षर सावकाश गिरवतो, पेन्सिलीनेच.